अमेरिकेची एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) डिग्री घरबसल्या पुण्यातून? पैसे भरण्याआधी माझा अनुभव वाचा

कन्सल्टन्सीला १ स्टार आणि डिग्रीला ५ स्टार. दोन्ही का ते सांगते, लांब झालंय पण नर्सिंगमधल्या मुलींनी पूर्ण वाचा, विशेषतः ज्यांच्या फोनवर सध्या "नर्स ते नर्स प्रॅक्टिशनर, पुण्यात राहून" अशा जाहिराती येतायत त्यांनी.

मी पुण्यातच बी.एस्सी. नर्सिंग केलं, नऊ वर्षं झाली नोकरीला, त्यातली सहा आयसीयूत. कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाहीये, ऑफिस डेक्कनच्या बाजूला आहे एवढंच सांगते, कारण माझं म्हणणं त्या एका ऑफिसपुरतं नाहीये, हेच पॅकेज अजून दोन ठिकाणी विकताना मी ऐकलंय.

आधी मला हे का हवं होतं ते सांगते. आयसीयूच्या आधी मी ओपीडीला होते तेव्हा भोरच्या पलीकडून एक कुटुंब आलं होतं. आजीला शुगर, पायाच्या अंगठ्याला जखम, सुनेला पाचवा महिना, आणि नातवाला आठ दिवस खोकला. तिघांचे तीन केस पेपर, तीन रांगा, तीन मजले, आणि परतीची एसटी साडेचारची. दुपारी तीनला आजी माझ्याकडे आल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात तिघांचे कागद एकत्र, आणि म्हणाल्या, "बाई, एकीनंच सगळ्यांचं बघितलं असतं तर बरं झालं असतं गं." ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही. नंतर जेव्हा कळलं की अमेरिकेत अशी खरंच एक नर्स असते, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, जी तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना तपासते, निदान करते, औषध लिहून देते, गरोदर बाईचं साधं चेकअपपण करते (बाळंतपण नाही, ते नर्स मिडवाइफचं काम), तेव्हा मला वाटलं हेच ते.

तर कन्सल्टन्सी. नाईट करून सकाळी थेट गेले, काचेचं केबिन, भिंतीवर अमेरिकेचा लॅमिनेटेड नकाशा, त्याला रंगीत पिना. काउन्सेलर मुलगा नम्र होता, चहा मागवला, आणि म्हणाला, "मॅडम, दोन वर्षं, पूर्ण ऑनलाइन, ड्युटी सांभाळून होतं, आणि क्लिनिकलचे, म्हणजे पेशंटवर प्रत्यक्ष शिकायचे, तास तुमच्याच हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून सही करून आणायचे." फी ४५,००० रुपये, ही फक्त यांची, युनिव्हर्सिटीची वेगळी. मी विचारलं, तिथलं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स लागत नाही का, तर म्हणाला ते नंतर बघू, आधी ॲडमिशन ब्लॉक करू, सीट जातात. मी २०,००० तिथेच फोनवरून भरले. पावतीवर "प्रोसेसिंग" लिहिलं होतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात "परत मिळणार नाहीत". ते मी घरी आल्यावर वाचलं.

मग दोन महिने फक्त कागद. मार्कशीट, ट्रान्सक्रिप्टसाठी नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे अर्ज, मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून रजिस्ट्रेशनचं व्हेरिफिकेशन, अनुभवाचं पत्र, मेट्रन मॅडमची शिफारस. हे सगळं मी स्वतः केलं, त्यांनी फक्त चेकलिस्ट पाठवली. शेवटी ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो, मी घरी, तो मुलगा फोनवर. फॉर्ममध्ये एक रकाना आला, चालू आणि कुठलीही कारवाई नसलेल्या आरएन लायसन्सचा नंबर, आणि शेजारी राज्य निवडायची यादी. मी यादी खाली सरकवत गेले. लुइझियाना, आणि त्याच्या खाली थेट मेन, मग मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स. महाराष्ट्र जिथे यायला हवं तिथे नव्हतं, असणारच नव्हतं. मी म्हटलं आता काय, तर तो म्हणाला, "मॅडम, कुठलंही राज्य टाका आणि नंबरच्या जागी तुमचा कौन्सिलचा नंबर टाका, पुढे ॲडजस्ट होतं."

तिथे मी लॅपटॉप बंद केला. रजिस्ट्रेशन नंबर म्हणजे आपलं नाव आहे हो, नऊ वर्षं प्रत्येक केस पेपरवर त्याच नावाने सही केलीये, तो दुसऱ्या देशाच्या फॉर्ममध्ये खोट्या रकान्यात कशी टाकू मी. आणि उद्या तिथे उघडकीला आलं तर कारवाई माझ्यावर होणार, त्या मुलावर नाही.

आता डिग्रीबद्दल, कारण चूक डिग्रीची नाहीच, आणि रागाच्या भरात कुणी डिग्रीलाच फसवणूक म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. माझी एक बॅचमेट टेक्सासला आहे. नवरा हिंजवडीतून तिकडे गेला, ही त्याच्यामागून गेली, काम करायची परवानगी येईपर्यंत घरी बसून अभ्यास केला, एनक्लेक्स (तिथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा) पास झाली, तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये आरएन म्हणून काम केलं आणि मग एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) एफएनपीला ॲडमिशन घेतली. आता तिचे क्लिनिकलचे तास चालू आहेत. कन्सल्टन्सीचं बिनसल्यावर मी तिला फोन केला, आमची रात्र म्हणजे तिची सकाळ, आणि पुढचे तीन आठवडे ती मला जवळजवळ रोज अर्धा तास देत होती. मी ४५,००० ठरवून जे मिळालं नाही ते तिने फुकट दिलं.

ती म्हणाली, अगं पायऱ्या उलट्या करून कसं चालेल. आधी आपली चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग (जीएनएम, म्हणजे डिप्लोमावाल्यांना एफएनपीपर्यंत जायचं तर साधारणपणे आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं), मग त्या कागदांची तपासणी, जी आपण सगळे सीजीएफएनएस म्हणून ओळखतो ती संस्था करते, तिचं नाव आता ट्रूमेरिट झालंय, मग एखाद्या राज्याच्या बोर्डाकडून परवानगी, मग एनक्लेक्स. एनक्लेक्सची फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेर बसून द्यायची तर वर १५० डॉलर आणि कर. आपल्याला मुंबईत सेंटर आहे. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, पाच तास, आणि एप्रिल २०२३ पासून पॅटर्न बदललाय, आता पूर्ण पेशंटची केस देतात आणि त्यावर टप्प्याटप्प्याने प्रश्न, त्यामुळे जुन्या नोट्स कुणी विकत असेल तर घेऊ नका. हे सगळं झालं की आरएन. एफएनपी त्याच्यानंतर.

आणि "ऑनलाइन" हा शब्द. त्यानेच सगळा घोळ होतो. थिअरी ऑनलाइन असते हे खरंय, लेक्चर, असाइनमेंट, परीक्षा सगळं घरून. पण क्लिनिकलचे तास प्रत्यक्ष दवाखान्यात, पेशंटसमोर, आणि ते ज्या राज्यात करायचे तिथलं लायसन्स हातात हवं. आधी कमीत कमी ५०० तासांचा नियम होता, २०२२ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाचे राष्ट्रीय निकष नव्याने आले त्यात तो ७५० झाला. बरेच कोर्स तर तिथल्या ठरावीक राज्यांत राहणाऱ्यांनाच घेतात. मग पुण्यातल्या आपल्या हॉस्पिटलमधल्या सरांची सही घेऊन ते तास कसे भरणार? आणि कुणी म्हणेल स्टुडंट व्हिसा घ्या, तर स्टुडंट व्हिसावर सगळाच कोर्स ऑनलाइन करता येत नाही, त्यामुळे तो रस्तापण या जाहिरातीतल्या पॅकेजला बंद.

तास भरायला तिथे प्रिसेप्टर लागतो, म्हणजे एखादी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर जी तुम्हाला आपल्याजवळ उभं करून शिकवायला तयार आहे. बॅचमेटच्या कोर्समध्ये तो स्वतः शोधायचा होता. तिने शंभरच्या आसपास ईमेल केले, दवाखान्यांच्या दारात जाऊन बायोडेटा ठेवले, शेवटी एका छोट्या गावातल्या क्लिनिकने हो म्हटलं, घरापासून सव्वा तास गाडी. काही युनिव्हर्सिटी प्रिसेप्टर शोधून देतात, ॲडमिशन घेताना पहिला प्रश्न हाच विचार असं ती दहा वेळा म्हणाली. दुसरा प्रश्न मान्यतेचा, सीसीएनई किंवा एसीईएन यांच्यासारख्या, नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची मान्यता कोर्सला आहे का, कारण ती नसेल तर डिग्री घेऊनसुद्धा सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही. माझ्या कन्सल्टन्सीच्या मुलाला मी नंतर हे विचारलं तर तो म्हणाला "युनिव्हर्सिटी टॉपची आहे मॅडम". बास, एवढंच.

अभ्यासाचं सांगते कारण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. तीन विषयांना ते लोक थ्री पी म्हणतात, ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिओलॉजी, ॲडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट. नाव ऐकून वाटतं आपण हे शिकलोय की. नाही शिकलो. म्हणजे मी आयसीयूत सहा वर्षं आहे, व्हेंटिलेटरच्या अलार्मवरून बेड नंबर सांगते, पण "तुला काय वाटतं, याला काय काय असू शकतं आणि त्यातलं तू काय आधी नाकारशील" हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. आपण नोटिफाय करतो, सरांना फोन करतो, ऑर्डर घेतो. तिथे तिला पेशंटच्या खोलीतून बाहेर आल्यावर प्रिसेप्टरसमोर उभं राहून सांगावं लागतं, काय सापडलं, तीन शक्यता कुठल्या, पहिली का, कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवस, आणि बरं नाही वाटलं तर पेशंटने कधी परत यायचं. ती म्हणाली पहिल्या आठवड्यात माझी जीभच उचलायची नाही गं, उत्तर माहिती असायचं पण "सर सांगतील" ही सवय इतकी मुरलेली.

एकदा तिने व्हिडिओ कॉलवर मला कान तपासायला शिकवलं. तिच्या मुलीचा कान. ती म्हणाली मोठ्या माणसाचा आणि मोठ्या मुलांचा कान वर आणि मागे ओढायचा, पण तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर खाली आणि मागे, कारण बाळाच्या कानाची नळी वेगळ्या कोनात असते, चुकीचा ओढलास तर पडदा दिसणारच नाही आणि तू नुसती भिंत बघून "नॉर्मल" लिहिशील. आणि ऑटोस्कोप (कानात बघायचं दिव्याचं यंत्र) पेन्सिलसारखा धरायचा, करंगळीची बाजू मुलाच्या गालाला टेकवून, म्हणजे मूल हललं तर हात त्याच्याबरोबर हलतो आणि टोक आत घुसत नाही. एवढीशी गोष्ट, पण आपल्याकडे नर्सच्या हातात ऑटोस्कोप देतं कोण? सुट्टीवर आली तेव्हा ती तिचा जुना ऑटोस्कोप मला देऊन गेली. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून उजवा कान वर आणि मागे ओढून बघितला, पहिल्यांदा नुसता मळ, मग जरा कोन बदलला आणि राखाडी, चकचकीत पडदा दिसला आणि घड्याळात पाच वाजतात त्या जागी प्रकाशाचा तो छोटा त्रिकोण, पुस्तकात असतो तसा अगदी. मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक, तो ओरडायला लागला आई झालं का.

डिग्रीनंतर परीक्षा असते, दोन संस्था घेतात, एएनसीसीची १७५ प्रश्नांची आणि एएएनपीसीबीची १५० ची, कुठलीही एक पास व्हा, दर पाच वर्षांनी रिन्यू करा. पगाराचं सगळेच विचारतात म्हणून, अमेरिकन सरकारच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे निम्म्या नर्स प्रॅक्टिशनरना वर्षाला १,२६,२६० डॉलरपेक्षा जास्त मिळत होते, तर आरएनसाठी तोच आकडा ८६,०७० होता. फरक मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण किती मोकळेपणाने काम करता येणार हे राज्यावर ठरतं हे कुणी सांगत नाही. कोलोरॅडो, ॲरिझोनासारख्या राज्यांत एनपी स्वतंत्रपणे दवाखाना चालवू शकते, आणि टेक्सासमध्ये, जिथे माझी मैत्रीण आहे, तिथे औषध लिहायला डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. तिला हे जाऊन मग कळलं.

हे सगळं सुरू कसं झालं तेपण तिनेच सांगितलं, १९६५ मध्ये कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत, लोरेटा फोर्ड नावाची पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, खेड्यापाड्यात मुलांना बघायला डॉक्टर नव्हते म्हणून नर्सला जास्तीचं शिक्षण देऊन तयार करायचं ठरलं. लोरेटा फोर्ड २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होत्या. मला हे वाचून भोरच्या आजी आठवल्या. गरज तीच आहे की हो, तिथली आणि इथली.

व्हिसाचं मात्र सरळ सांगते. आरएन म्हणून ग्रीन कार्डवर जायचा नेहमीचा रस्ता ईबी-३ (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा एक प्रकार), आणि २०२५ मध्ये भारतीयांसाठी त्या रांगेची तारीख २०१२-१३ च्या आसपास होती, म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. माझं वय ३२. कन्सल्टन्सीच्या पिनांच्या नकाशासमोर बसले असताना हे एकदाही कुणी बोललं नाही, आणि माझा सगळ्यात मोठा राग खरं तर यावरच आहे, पैशांपेक्षा जास्त. कुणी मला पहिल्या दिवशी म्हणालं असतं "ताई, रांग दहा-बारा वर्षांची आहे, तरी करायचंय का", तर मी विचार करून ठरवलं असतं.

मग मी काय करतेय. आपल्याकडे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर असा कोर्स मला सापडला नाही, पण इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर आहे, दोन वर्षांचा, एम.एस्सी.च्या बरोबरीचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे बहुतेक वेळ वॉर्डात आणि आयसीयूतच, आणि बी.एस्सी. नंतर निदान एक वर्ष अनुभव मागतात. मिडवाइफरीसाठीपण वेगळा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, त्याची केंद्र सरकारची गाइडलाइन २०१८ ची. क्रिटिकल केअरचा सिलॅबस उघडून बघितला तर तेच तीन विषय समोर, पॅथोफिजिओलॉजी, फार्माकॉलॉजी, असेसमेंट. अधिकार तिथल्याइतके नाहीत, आपल्याकडे हॉस्पिटलच्या ठरलेल्या प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डरमध्ये राहूनच काम करावं लागतं, दवाखाना थाटता येत नाही. तरीपण "तुला काय वाटतं" हा प्रश्न विचारला जाणार आहे मला, आणि माझ्यासाठी सध्या तेवढं पुरेसं आहे. ओपीडीतल्या कुटुंबांसाठी असा कोर्स आपल्याकडे कधी तरी यावा ही इच्छा आहे, भोर-वेल्ह्याकडची माणसं एसटीच्या वेळेवर नजर ठेवून रांगेत उभी असतात, ती बघितल्यावर दुसरं काय वाटणार.

सासूबाईंना सांगितलं दोन वर्षं परत शिकणार, त्या म्हणाल्या, "शीक की, पोराचं मी बघते, पण आधी त्या मेल्याकडून वीस हजार घेऊन ये."

तर ते वीस हजार. लेखी अर्ज दिला, फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग नव्हतं पण "कौन्सिलचा नंबर टाका" हा सल्ला त्याने नंतर मेसेजमध्येपण लिहिला होता, तो मी प्रिंट काढून जोडला. तीनदा ऑफिसला गेले, दोनदा मॅनेजर मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांदा ८,००० परत दिले, बाकीचे "प्रोसेसिंगमध्ये गेले". प्रोसेसिंग म्हणजे काय विचारलं तर फाइल दाखवली, फाइलमध्ये माझेच झेरॉक्स. १ स्टार त्या ८,००० चा, आणि काउन्सेलर मुलगा उद्धट नव्हता त्याचा.

ज्यांना अमेरिकेचं खरंच करायचंय आणि नवरा किंवा घरचं कुणी तिकडे आहे त्यांनी जरूर करा, माझ्या मैत्रिणीकडे बघून मी हे शंभर टक्के विश्वासाने सांगते. फक्त पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात बसलात तर चहा यायच्या आत विचारा, आरएन लायसन्स कुठल्या राज्याचं आणि ते कधी, क्लिनिकलचे तास कुठे, कोर्सला मान्यता कुणाची. उत्तर लेखी मागा. लिहून द्यायला तयार नसतील तर उठा. नाशिक आणि मुंबईच्या कागदांना मला मिळून सात आठवडे लागले, ते काम तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. बाकीच्या १२,००० साठी आता ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे, काही झालं तर इथेच खाली लिहीन.